मन खातंय की तोंड लपवावंसं वाटतंय? ऑनलाइन समुपदेशन सुरू करणाऱ्यांसाठी

"मॅडम, झोप लागत नाही. बाकी तसं सगळं ठीक आहे."

रात्रीचे पावणेदहा. माझ्या लॅपटॉपवरच्या चौकोनात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी. आतला दिवा बंद. चाळिशीच्या एका माणसाची हनुवटी आणि शर्टाचं वरचं बटण, एवढंच दिसतंय. वर घरात बायको, दोन मुलं आणि आई, त्यामुळे मोकळं बोलायला जागा उरली ती गाडीच. तिसऱ्या सेशनला कळलं की वडील २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत गेले. हे स्वतः तेव्हा पॉझिटिव्ह, घरातल्या एका खोलीत बंद. अंत्यसंस्कार पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी केले. धाकटा भाऊ स्मशानाच्या फाटकाशी उभा होता.

"अग्नी मी दिला नाही," ते म्हणाले.

मी लगेच म्हणाले, "पण त्यात तुमची काहीच चूक नव्हती."

"हो, ते बरोबरच आहे," ते म्हणाले. मग उरलेला अर्धा तास आम्ही झोपायच्या वेळा, संध्याकाळचा चहा आणि मोबाइल यांवर बोललो. सेशन वेळेत संपलं. त्या रात्री मी माझ्यावर खूश होते.

माझं नेमकं काय चुकलं हे कळायला दोन आठवडे लागले. ते पुढे येईलच. एम.ए. किंवा एम.फिल. संपवून नुकतं ऑनलाइन काम सुरू केलेल्यांसाठी हे लिहिते आहे. थेरपीची तंत्रं तुम्हाला कॉलेजात शिकवली असतील. पण समोरचा माणूस झोपेची, चिडचिडीची किंवा छातीतल्या धडधडीची तक्रार घेऊन येतो आणि तिच्या पोटात "मी वागलो ते बरोबर की चूक?" हा प्रश्न असतो, तो कसा ऐकायचा, हे फारसं कुणी शिकवत नाही. (इथली उदाहरणं तीन-तीन, चार-चार जणांची मिळून आणि तपशील बदलून केलेली आहेत. तुम्हीही कुठे बोलाल-लिहाल तेव्हा असंच करा.)

आधी एक घोळ मिटवू

व्यवसायाचे नीतिनियम वेगळे आणि नैतिक मानसशास्त्र वेगळं. नीतिनियम सांगतात तुम्ही काय करावं. नैतिक मानसशास्त्र पाहतं की माणसं बरं-वाईट प्रत्यक्षात ठरवतात कशी, आणि ठरवलेलं केव्हा पाळतात, केव्हा नाही. लॉरेन्स कोहलबर्ग यांनी १९५८ च्या प्रबंधापासून मांडलं की माणसाचा नैतिक विचार पायऱ्या चढत वर जातो. कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये विचारलं की त्या जिन्यावर न्यायालाच सगळी जागा, मग काळजी आणि नाती कुठे गेली? जोनाथन हाइट यांनी २००१ मध्ये सगळाच डाव उलटा केला : आपला निकाल क्षणात, आतून येतो आणि कारणं आपण मागाहून, वकिलासारखी जुळवतो. परीक्षेपुरतं हे तुम्ही पाठ केलं असेल. आता ते कामाला लावू.

पायरी १ : सेशन सुरू होण्याआधी अंतर मोजा

स्टॅन्ली मिलग्राम यांचा विजेच्या झटक्यांचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो. हुकूम देणारा एका माणसाला सांगायचा की दुसऱ्याला वाढत्या जोराचे झटके दे. त्यातला एक भाग मात्र फार जणांना आठवत नाही. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते खरे वाटावेत अशी मांडणी होती. ज्याला झटका द्यायचा तो पलीकडच्या खोलीत, न दिसणारा, तेव्हा ६५ टक्के लोक शेवटच्या बटणापर्यंत गेले. तोच माणूस त्याच खोलीत आणून बसवला तेव्हा ४० टक्के गेले. त्याचा हात धरून झटक्याच्या पट्टीवर टेकवावा लागला तेव्हा ३० टक्के. दुसरी बाजूही पाहा : हुकूम देणारा खोलीतून उठला आणि फोनवरून सूचना देऊ लागला, तेव्हा आज्ञा पाळणारे साधारण वीस टक्क्यांवर आले. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली आणि ती वाचण्यासारखी आहे. पण अंतर वाढलं की दुसऱ्याच्या वेदनेची धग कमी पोहोचते आणि आपल्या शब्दाचं वजनही घटतं, ही गोष्ट पडद्यासमोर बसणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी.

म्हणून जे क्लिनिकमध्ये आपोआप होतं, ते ऑनलाइन मुद्दाम करावं लागतं. समोर बसलेली बाई हुंदका देऊन उठून गेली तर आपण दारापर्यंत जातो. कॉल कट झाला तर आपण "नेटवर्क गेलं वाटतं" म्हणतो. तेव्हा ही यादी पहिल्याच भेटीत भरून घ्या :

- आज या क्षणी तुम्ही कुठे आहात? घरचा पत्ता फॉर्मवर असतोच. मी दर सेशनला, सुरुवातीलाच, आत्ताचा ठिकाणा विचारते.
- घरात कोण आहे, आणि दाराला कडी आहे का?
- कॉल तुटला तर कोण कुणाला, किती मिनिटांत फोन करणार?
- अडीअडचणीला कळवायचं असेल तर कुणाचा नंबर? (हा नंबर नवऱ्याचाच असेल असं गृहीत धरू नका. कधी कधी तोच प्रश्न असतो.)
- कुणी अचानक खोलीत आलं तर कोणतं वाक्य बोलायचं? माझ्या एका क्लायंटचं वाक्य होतं, "कुरिअर आलंय का बघते." ते ऐकलं की मी अभ्यासक्रमाच्या फीबद्दल बोलू लागायचे.

ही यादी मेजाला चिकटवून ठेवा. दूर बसलेल्या माणसाबद्दल आपल्याला वेळेवर काहीतरी वाटेल, या भरवशावर राहू नका.

पायरी २ : "मन खातंय" आणि "तोंड कुठे लपवू" यांतला फरक ऐका

मानसशास्त्रात अपराधीपणा आणि शरम यांत फरक करतात. हेलेन ब्लॉक लुइस यांनी १९७१ मध्ये तो मांडला आणि जून टँगनी यांनी पुढे त्यावर पुष्कळ संशोधन केलं. थोडक्यात, अपराधीपणा म्हणतो "मी वाईट केलं", शरम म्हणते "मीच वाईट". पहिल्याने माणूस माफी मागायला, भरपाई करायला पुढे सरकतो. दुसऱ्याने तो लपतो, नाहीतर उलटा चिडतो.

आपल्या भाषेने हे कधीच वेगळं करून ठेवलंय. "मन खातंय", "जिवाला लागून राहिलंय", "राहून गेलं हो माझ्याकडून" हा अपराधीपणा. "तोंड दाखवायला जागा नाही", "चार लोकांत मान खाली गेली", "धरणी पोटात घेईल तर बरं" ही शरम. पाहा, शरमेचे शब्द सगळे चेहऱ्याचे आणि मानेचे आहेत. आणि आपण त्या माणसाला बसवतो कुठे? कॅमेऱ्यासमोर, जिथे त्याचा स्वतःचाच चेहरा कोपऱ्यातल्या चौकटीत पन्नास मिनिटं त्याच्याकडे बघत असतो.

म्हणून शरम ऐकू आली की पहिली गोष्ट तांत्रिक करा. त्यांना स्वतःची चौकट बंद करायला सांगा. कॅमेरा बंद हवा असेल तर तोही चालेल म्हणा, आणि तुमचा चालू ठेवा. नवीन समुपदेशकांना वाटतं, क्लायंटने व्हिडिओ बंद केला म्हणजे तो टाळतोय. कधी कधी टाळतोही. पण बरेचदा तो जे पूर्वी अंधारात, गच्चीवर, आजीच्या पांघरुणात शिरून सांगायचा, तेवढाच अंधार मागत असतो.

मग शब्दांचं काम. शरमेचं वाक्य हळूहळू कृतीच्या वाक्यावर आणायचं : "मी नालायक बाप आहे" पासून "मी त्या दिवशी मुलाला पट्ट्याने मारलं" पर्यंत. हे अंतर कापायला तीन सेशन्सही लागतात. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस आणि तो आपल्याकडे रुजवणारे कि. मो. फडके यांचा आग्रह इथे कामाला येतो : कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. पण हे वाक्य क्लायंटला ऐकवू नका. पाठ्यपुस्तकाचा वास येतो त्याला. "त्या दिवशी घरी आलात तेव्हा काय काय झालं, पहिल्यापासून सांगा" एवढं पुरतं.

पायरी ३ : एक प्रश्न खिशात ठेवा

मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेलं अवजार एलियट टुरिएल यांचं. ते लहान मुलांना विचारायचे : शाळेत तसा नियमच नसता, बाईंनी परवानगी दिली असती, तर दुसऱ्या मुलाला मारलेलं चाललं असतं का? मुलं म्हणतात, नाही. आणि गणवेश नाही घातला तर? नियम नसेल तर चालेल. अगदी लहान मुलांनाही मारणं आणि गणवेश यांतला हा फरक कळतो. टुरिएल यांच्या मांडणीत नैतिक, रूढीचं आणि ज्याचं-त्याचं खासगी असे तीन वेगळे प्रांत आहेत.

सेशनमध्ये हाच प्रश्न मोठ्यांना असा विचारायचा : "समजा, कुणालाच कळलं नसतं. कुणी एक शब्द बोललं नसतं. तरी तुम्हाला ते चुकीचं वाटलं असतं?"

घाईने विचारू नका, आणि विचारल्यावर गप्प बसा. घटस्फोट घेतलेली एक बाई या प्रश्नावर बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "नाही. मला तर सुटल्यासारखं वाटलं असतं." म्हणजे आमचं काम "लोक काय म्हणतील" याच्याशी होतं. तिने काही पाप केलं होतं असं तिचं स्वतःचं मत नव्हतंच, ते तिच्या मामांचं होतं.

गाडीतल्या त्या गृहस्थांनी मात्र याच प्रश्नावर, पाचव्या सेशनला, एका क्षणात उत्तर दिलं : "वाटलं असतं. आणि मॅडम, एक सांगायचं राहिलं. भावाचा फोन आला होता. तो म्हणाला, पीपीई किट मिळतंय, लांबून का होईना, ये. मला ताप नव्हता तेव्हा. मी घाबरलो. मी नाही म्हणालो."

पाच आठवडे आम्ही ज्या झोपेबद्दल बोलत होतो, ती उडाली होती या नाही म्हणण्यामुळे. आणि मी तिसऱ्याच सेशनला "तुमची काहीच चूक नव्हती" असा निकाल देऊन ते सांगायचं दार लावून घेतलं होतं. ऐकण्याआधी केलेली माफी अशीच असते. त्यांना ती घेताही येईना आणि परतही करता येईना, कारण मॅडमनी एवढ्या चांगल्या मनाने दिलेली.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या संदर्भात जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात, आणि ब्रेट लिट्झ व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये, ज्याला नैतिक जखम म्हटलं, ते याच जातीचं आहे. स्वतःच्याच मूल्याविरुद्ध आपण वागलो, किंवा वागावं लागलं, याची ती जखम. भीतीवरचे उपचार इथे अपुरे पडतात. माणूस घाबरलेला असतोच असं नाही, त्याचा स्वतःशी हिशेब राहिलेला असतो. अशा वेळी आधी मूल्याला मान द्या ("वडिलांना शेवटचं पोहोचवणं तुमच्यासाठी एवढं मोठं होतं"), मग त्या दिवसाची परिस्थिती बारकाईने उभी करा, आणि भरपाई काय असू शकेल हा प्रश्न त्यांच्यावरच सोडा. विधी सुचवू नका, विधी नाकारूही नका.

पायरी ४ : क्लायंटची नीती कोणत्या घरची आहे ते विचारा

रिचर्ड श्वेडर यांनी भुवनेश्वरमध्ये बरीच वर्षं काम केलं आणि सहकाऱ्यांबरोबर असं मांडलं की माणसं नीतीबद्दल तीन भाषांत बोलतात. एक स्वायत्ततेची : कुणाचं नुकसान झालं, कुणाचा हक्क गेला. दुसरी समूहाची : माझं कर्तव्य, माझं स्थान, घराची अब्रू. तिसरी पावित्र्याची : शुद्ध-अशुद्ध, पाप, देह. आपली पाठ्यपुस्तकं बहुतेक पहिल्या भाषेत लिहिलेली असतात. आपले क्लायंट तिन्ही बोलतात, कधी एकाच वाक्यात.

जोन मिलर आणि डेव्हिड बर्सॉफ यांनी म्हैसूर आणि अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये लोकांना पेच घातले. एक असा : मित्राच्या लग्नात अंगठ्या पोहोचवायच्या आहेत, पाकीट चोरीला गेलंय, दुसऱ्याच्या कोटात रेल्वेचं तिकीट दिसतंय. घ्यावं का? १९९२ च्या त्यांच्या निबंधानुसार, असा पेच पडला की भारतीयांचा कल मित्राला दिलेला शब्द पाळण्याकडे जास्त होता, आणि ते त्यांना सोयीचं नव्हे तर नैतिक कर्तव्य वाटत होतं.

आता माझी फजिती. पुण्यात आयटीत असलेली सत्तावीस वर्षांची मुलगी. निम्मा पगार धाकट्या भावाच्या इंजिनिअरिंगला. थकलेली, चिडलेली, रविवारी रडणारी. मी दुसऱ्याच सेशनला "बाउंड्री" हा शब्द काढला. "थोडं स्वतःसाठी जगायला शिकूया का?" ती हसली. पुढच्या आठवड्यात आली नाही. दोन महिन्यांनी परत आली तेव्हा म्हणाली, "तुम्ही मला स्वार्थी व्हायला सांगताय असं वाटलं. बाबा गेल्यावर आम्हाला काकांनी शिकवलंय. मग मी काय म्हणून थांबू?" तिच्या हिशेबात ते देणं ओझं नव्हतं, ऋण होतं. ओझं दुसरंच होतं : भाऊ नापास झाला होता आणि आईने ते तिच्यापासून लपवलं होतं. देण्याबद्दल तिची तक्रार नव्हती, तिला खोटं बोललं गेलं याची होती. मी पहिल्या भाषेत ऐकत राहिले, ती दुसऱ्या भाषेत बोलत होती.

पण या पायरीवर घसरायलाही जागा आहे, आणि मला वाटतं आजकाल जास्त जण इकडेच घसरतात. "आपली संस्कृतीच समूहाची" असं म्हणून सुनेला सहन करायला लावणारे समुपदेशक मी पाहिलेत. टुरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आक्षेप नेमका इथे आहे : घरात जो खालच्या पायरीवर आहे, त्याला ती उतरंड न्याय्य वाटते असं गृहीत धरू नका. घराची अब्रू ही सासऱ्यांची भाषा असेल, सुनेची नसेल. तेव्हा संस्कृतीवरून अंदाज बांधू नका, समोरच्या माणसालाच विचारा. "हे तुमचं मत की घरचं?" हा साधा प्रश्न इथे फार दूर नेतो. पाळीच्या दिवसांत देवघरात गेल्याची बोच असो की आंतरजातीय लग्नाची, आधी प्रश्न, मग मत. आणि शुद्ध-अशुद्धतेचे विचार थांबतच नसतील, हात धुणं, तोच तोच मंत्र, तीच ती क्षमा तासन्‌तास चालत असेल, तर तो ओसीडी, म्हणजे मंत्रचळाचा आजार, असू शकतो. तिथे "देव माफ करेल" असा धीर देत राहिलात तर आजार वाढेल. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा.

पायरी ५ : तुमचा पहिला निकाल पकडा

हाइट यांचं म्हणणं क्लायंटपेक्षा आपल्याला जास्त लागू पडतं. कुणी विवाहबाह्य संबंध सांगितला, कुणी जातीवरून शिवी घातली, कुणी वृद्ध आईला खोलीत कोंडल्याचं सांगितलं, की निकाल लागलेला असतो. क्लिनिकमध्ये तो तुमच्या पायाच्या हालचालीत लपतो. ऑनलाइन तुमचा चेहरा त्यांच्या हातभर अंतरावर, पूर्ण पडदाभर आहे. भुवई वर गेली तर ती इंचभर जाते.

मी सेशनच्या वहीत डावीकडे एक उभी रेघ मारते. रेघेच्या डावीकडे माझं मत, उजवीकडे त्यांचे शब्द. "निर्दयी" हा शब्द डावीकडे लिहिला की तो निदान माझा आहे हे मला दिसतं. सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी समुपदेशकाकडून आपलं काम तपासून घ्यायला, मी ती डावी बाजूच घेऊन जाते.

याला जोडून एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट : नेटवर्कचा उशीर. २०१४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की कॉलमध्ये आवाज उशिरा पोहोचत असेल तर लोक त्याचा दोष लाइनला देत नाहीत. पलीकडचा माणूसच त्यांना कमी लक्ष देणारा, कमी जिव्हाळ्याचा वाटतो. क्लायंटने आयुष्यातली सर्वांत अवघड कबुली दिली आणि तुमचा "हं" दीड सेकंद उशिरा पोहोचला, तर त्याला तो निकालच वाटणार. म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवा : "मध्ये मी गप्प वाटले तर बहुधा लाइन असेल, विचारा मला." आणि अवघड कबुलीनंतर मान हलवून भागवू नका, शब्दांत बोला.

पायरी ६ : पडदा माणसाला मोकळं करतो, जरा जास्तच

जॉन सुलर यांनी २००४ मध्ये याला नाव दिलं : ऑनलाइन असताना बंध सैल होणं. त्यातूनच शिवीगाळही येते आणि पहिल्या भेटीतच वीस वर्षांचं दुःखही. दुसरं मिळालं की नवा समुपदेशक हुरळतो. मग सकाळी मेसेज येतो, "काल जरा जास्तच बोलले, सॉरी," आणि पुढचं सेशन रद्द. मोकळेपणाच्या पाठोपाठ शरम येते. शेवटची दहा मिनिटं नवीन काही उघडू नका. आणि थेट विचारा : "उद्या सकाळी हे सांगितल्याचा त्रास होईल असं वाटतंय का? झाला तर काय कराल?"

पायरी ७ : गुपित कुठे थांबतं, ते गुपित सांगण्याआधी सांगा

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम २३ : मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क आहे. अपवादही तिथेच आहेत, जिवाला धोका असणं आणि दुसऱ्याला इजा होण्यापासून वाचवणं हे त्यांतले मुख्य. याच कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालतं. घाबरून काही लपवणाऱ्या क्लायंटला हे सांगण्यासारखं असतं. अठराखालच्या मुलांवर लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सो, २०१२, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, समुपदेशकावरही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यात अठराखालचे सगळे बालक धरले आहेत आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०२० मध्ये टेलि-सायकोथेरपीसाठी, म्हणजे दुरून दिलेल्या थेरपीसाठी, काढलेल्या मार्गदर्शक सूचना वाचून काढा. आणि आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी नसेल तर नावापुढे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लावू नका.

हे सगळं संमतीपत्रात असतंच. पण पंधरा वर्षांची मुलगी संमतीपत्र वाचत नाही. तिने सगळं सांगून झाल्यावर "हे मला पोलिसांना कळवावं लागेल" म्हणणं हा तिच्या लेखी विश्वासघात असतो, कायदा काहीही म्हणो. पहिल्या पाच मिनिटांत, तोंडी, तिच्या भाषेत सांगा : "तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझ्याशी घाणेरडं वागलं असेल, तर मला मोठ्यांची मदत घ्यावी लागते. ती कशी घ्यायची हे आपण दोघी मिळून ठरवू." टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर (ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली), ११२ आणि मुलांसाठी १०९८, हे तिन्ही तिच्या फोनमध्ये सेव्ह करून घ्या. तुमच्यासमोर.

मोठे नियम मोडताना आपण थबकतो. घसरतो ते छोट्या गोष्टींत, ज्या नैतिक वाटतच नाहीत. अॅन टेनब्रन्सेल आणि डेव्हिड मेसिक यांनी २००४ मध्ये याला नीतीचा रंग उडणं अशा अर्थाचं नाव दिलं. तोच निर्णय "कामाचा" किंवा "सोयीचा" म्हणून पुढे आला की त्यातली नीती फिकी पडते. क्लायंटचा व्हॉट्सअॅप मेसेज मैत्रिणीला स्क्रीनशॉट करून विचारणं हा "सल्ला" होतो. नोट्स लिहून देणारं अॅप न विचारता चालू करणं हे "वेळ वाचवणं" होतं. न्यू जर्सीतल्या मराठी मुलीला सेशन देणं ही "आपल्या भाषेतली मदत" होते, आणि अमेरिकेत क्लायंट ज्या राज्यात बसलाय तिथलं लायसन्स लागतं हे विसरायला होतं. मलाही तिला हो म्हणावंसं वाटलं होतं. मराठीत रडायला जागा नाही म्हणत होती. मी तिला तिथल्या लायसन्सधारक मराठी थेरपिस्टचा शोध घ्यायला मदत केली, एवढंच.

पायरी ८ : दोन सेशन्समध्ये पंधरा मिनिटं

१९७३ चा डार्ली आणि बॅटसन यांचा प्रयोग. प्रिन्स्टनला धर्मशास्त्र शिकणारे विद्यार्थी व्याख्यान द्यायला निघालेत, वाटेत एक माणूस कण्हत पडलाय. निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, घाईत असलेल्यांपैकी १० टक्के. काही जण तर वाटेवरच्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याच्या बायबलमधल्या गोष्टीवरच बोलायला चालले होते. ऑनलाइन एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर उडी मारता येते, मधे जिना नाही की चहा नाही. तेव्हा पंधरा मिनिटं ठेवा. फी वाढवा, पण ठेवा.

पायरी ९ : रात्री वही

जेम्स रेस्ट म्हणत की नैतिक वागणं चार ठिकाणी अडतं : प्रश्न दिसतच नाही, दिसला तर ठरवता येत नाही, ठरवलं तर दुसरं काहीतरी जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि वाटलं तरी निभावत नाही. मी दिवसाच्या शेवटी ज्या सेशनने मन अडकवलं त्याबद्दल या चारांपैकी कुठे अडलं, एवढंच लिहिते. चार ओळी. नाव नाही, तारीख नाही. त्या गाडीतल्या गृहस्थांच्या आठव्या सेशनची नोंद अशी आहे :

"दिसलं उशिरा, तिसऱ्या वेळी दिसायला हवं होतं. डावीकडे मी 'बिचारा' लिहिलं होतं, तेच आड आलं. आज त्यांनी सांगितलं, रविवारी भावाला फोन केला. चार वर्षांत पहिल्यांदा विचारलं, फाटकाशी उभा होतास तेव्हा काय काय दिसलं. भाऊ तासभर बोलला. मी काही म्हणाले नाही. आज गाडीतला दिवा चालू होता. सुपरव्हिजनला विचारायचं : मी 'चूक नव्हती' म्हणाले होते ते परत घ्यायचं का, आणि कसं."